प्रस्तावना : दाबणं आणि सोडणं यांच्यामधला वेळ

संगणकाविषयी मराठीत लिहिणारे काही जण ‘क्लिक’ला ‘टिचकी’ म्हणतात. बोलण्यात हा शब्द फारसा रुळला नाही. घरात, कचेरीत, संगणकाच्या वर्गात सगळे ‘क्लिक कर’ असंच म्हणतात, आणि या पुस्तकातही मी तोच शब्द वापरला आहे. तरी टिचकी हा शब्द ज्याला सुचला त्याला दाद द्यावीशी वाटते. कॅरम खेळताना बोट ताणून धरलेलं असतं तोवर काहीच घडलेलं नसतं. नेम बदलता येतो, स्ट्रायकर बाजूला सरकवता येतो, हात मागेही घेता येतो. टिचकी बसते ती बोट सुटतं तेव्हा.

माउसच्या क्लिकचंही असंच आहे. खात्री करायची असेल तर समोरच्या संगणकावर एखाद्या प्रोग्राममधल्या बटणावर कर्सर नेऊन माउस दाबा आणि दाबूनच ठेवा. बटण आत गेल्यासारखं दिसेल, पण काम सुरू होणार नाही. तसंच दाबून ठेवून कर्सर बटणाच्या बाहेर न्या. बटण पुन्हा वर येईल. आत आणा, ते पुन्हा दबेल. बाहेर असताना बोट उचललंत तर काहीही होणार नाही. आत असताना उचललंत तरच काम होईल. दाबणं आणि सोडणं यांच्यामध्ये थोडा वेळ असतो, आणि तो वेळ वापरणाऱ्या माणसाचा असतो. त्यात त्याला विचार बदलता येतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने या वेळाचा मान राखायचा, आणि बोट सुटल्यावर त्या माणसाने जे मागितलं तेच, आणि एकदाच, घडेल याची हमी घ्यायची. या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण या एका गोष्टीभोवती लिहिलेलं आहे.

ही गोष्ट मी अनुभवातून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेसाठी मी पिग्मीची रक्कम जमा करण्याचा प्रोग्राम लिहिला होता. संध्याकाळी एजंट दिवसभराची वसुली आणून देत. काउंटरवरच्या बाई एकेक खातं उघडून रक्कम भरत आणि ‘जमा करा’ या बटणावर क्लिक करत. एका संध्याकाळी रोकड जुळेना. संगणकाच्या हिशेबात जमा जास्त होती आणि गल्ल्यात पैसे कमी. त्या बाई रात्री साडेनऊपर्यंत पावत्या ताडून पाहत बसल्या. त्यांच्या गावाची साडेसातची एसटी केव्हाच निघून गेली होती. “माझ्याच हातून काहीतरी झालं असेल,” असं म्हणत त्यांनी फरक पगारातून कापून घ्या म्हणून सांगितलं होतं. अखेर सापडलं ते असं, की तीन खात्यांवर एकच रक्कम दोनदा जमा झाली होती.

त्यांच्या हातून बटण दोनदा दाबलं गेलं होतं, हे खरंच होतं. पण ते का, याचं उत्तर माझ्या कोडमध्ये होतं. त्या दिवशी नेटवर्क मंदावलं होतं. क्लिक केल्यावर पडद्यावर काहीच हललं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा क्लिक केलं. दाराची कडी वाजवून आतून चाहूल लागली नाही तर माणूस पुन्हा वाजवतोच.

दुसऱ्या दिवशी मी घाईने दुरुस्ती केली. क्लिक मिळताच बटण निष्क्रिय करायचं, रक्कम नोंदवायची, आणि नोंद झाली की बटण पुन्हा सक्रिय करायचं. वाचताना हे बिनचूक वाटतं. आठवडाभरात आणखी एक दुहेरी नोंद सापडली. ती कशी झाली हे कळण्यासाठी क्लिक मुळात प्रोग्रामपर्यंत कसा पोहोचतो ते आधी पाहायला हवं.

माउसचा पहिला नमुना १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची आणि बांधणी बिल इंग्लिश यांची. लाकडी खोका, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं आणि वर एकच बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी जाणकारांनी भरलेल्या सभागृहात प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा माउसवर तीन बटणं होती. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ साली घडलेल्या ‘आल्टो’ संगणकाच्या माउसलाही तीन होती. झेरॉक्सच्याच १९८१ च्या ‘स्टार’ला दोन उरली आणि ॲपलच्या १९८३ च्या ‘लिसा’ला एकच. आल्टोच्या केंद्रातून ॲपलमध्ये आलेले लॅरी टेसलर एका बटणासाठी आग्रही होते. आता कोणतं बटण दाबू, असा प्रश्न नवख्या माणसाला पडूच नये, हा त्यामागचा विचार. पण त्या सोपेपणाची किंमत होती. ‘स्टार’वर एखादी वस्तू माउसने निवडायची आणि उघडायला कीबोर्डवरची वेगळी कळ दाबायची अशी सोय होती. ॲपलच्या संगणकांवर निवडणं आणि उघडणं ही दोन्ही कामं एकाच बटणाकडे आली, आणि डबल क्लिक घराघरांत पोहोचला.

बटणांच्या संख्येपेक्षा मोठा बदल प्रोग्रामच्या रचनेत झाला. त्याआधीचे बहुतेक प्रोग्राम प्रश्न विचारत आणि माणूस उत्तरं देत असे. खाते क्रमांक? रक्कम? बरोबर आहे का? क्रम प्रोग्रामने ठरवलेला असे. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा क्रम सोडून द्यावा लागला. तिथे प्रोग्राम गप्प राहून वाट पाहतो. माणूस आधी रक्कम भरेल, मध्येच मेनू उघडेल किंवा खिडकी बाजूला सारेल. जे घडेल त्याला ‘इव्हेंट’ म्हणायचं आणि प्रोग्रामने एका फेऱ्यात फिरत राहायचं. पुढची इव्हेंट घ्यायची, ती कुणासाठी आहे ते पाहायचं, त्याच्या हवाली करायची आणि पुन्हा पुढची घ्यायची. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोजनेही हाच मार्ग धरला. तिथे इव्हेंटला ‘मेसेज’ म्हणतात आणि या फेऱ्याला ‘मेसेज लूप’. आज कोणत्याही डेस्कटॉप प्रोग्रामच्या तळाशी हा फेरा चालूच असतो, तुम्ही तो स्वतः लिहिलेला असो वा नसो.

या फेऱ्याचं चित्र डोळ्यांपुढे आणायचं तर एकच खिडकी असलेलं लहानसं टपाल कार्यालय आठवावं. बाहेर रांग आहे, आत एक कारकून आहे. तो एका माणसाचं काम पुरं करतो आणि मग पुढच्याला बोलावतो. क्लिक, कळ दाबणं, खिडकी पुन्हा रंगवण्याची विनंती, सगळे एकाच रांगेत उभे असतात. कारकून खिडकीशी असेल तोवर रांग झरझर सरकते.

आता क्लिक. माउसच्या तारेतून ‘क्लिक’ असं काही येत नाही. विंडोजमध्ये ‘बटण दाबलं’ आणि ‘बटण सोडलं’ असे दोन वेगळे मेसेज येतात. त्यांच्यापासून क्लिक घडवतं ते पडद्यावरचं बटण. दाबल्याचा मेसेज आला की ते स्वतःला दबलेलं दाखवतं आणि माउस आपल्या नावावर अडकवून ठेवतं, म्हणजे कर्सर कुठेही गेला तरी सोडल्याची बातमी त्यालाच मिळते. सोडल्यावर ते पाहतं की कर्सर अजून आपल्या हद्दीत आहे का. असेल तर आपल्या खिडकीला कळवतं : क्लिक झाला. नसेल तर गप्प राहतं. मॅकिंटॉशवर हेच काम करणारं एक तयार फंक्शन होतं. बोट बाहेर सुटलं तर ते शून्य परत करत असे, आणि शून्य आलं की प्रोग्रामने काहीही करायचं नसे.

मागे फिरण्याची ही मुभा आपल्याला आयती मिळालेली आहे आणि ती हातची घालवणंही तितकंच सोपं आहे. एखाद्या चित्राचं सुंदर बटण बनवायचं म्हणून अनेक जण थेट ‘दाबलं’ या मेसेजला काम जोडतात. चाचणीत सगळं ठीक चालतं, आणि पहिल्यांदा चुकून ‘खातं बंद करा’वर बोट पडलेल्या माणसाला ते मागे घेता येत नाही. म्हणून पहिल्याच प्रकरणात मी आग्रहाने सांगितलं आहे, की काम नेहमी क्लिकला जोडा. दाबण्याला जोडायचं असेल तर त्यासाठी भक्कम कारण हवं. पियानोच्या पट्टीसारखं, जिथे आवाज दाबतानाच यायला हवा.

क्लिकला काम कसं जोडायचं, याच्या पद्धती पिढीगणिक बदलल्या. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्मवर बटण काढायचं, त्यावर डबल क्लिक करायचं, की रिकामी प्रोसीजर उघडे आणि तिच्या नावातच बटणाचं नाव आणि ‘क्लिक’ हा शब्द असे. १९९५ च्या क्यूटीने ‘सिग्नल’ आणि ‘स्लॉट’ आणले. बटण सिग्नल देतं, तो कुणी ऐकायचा ते बटणाला ठाऊकही नसतं. १९९७ साली जावाच्या १.१ आवृत्तीत ‘लिसनर’ आले. २००६ च्या डब्ल्यूपीएफमध्ये एका खोक्यात दुसरा खोका अशा रचनेतून इव्हेंट आधी वरून खाली आणि मग खालून वर जाते, आणि वाटेत कुणीही ‘माझं झालं’ म्हणून तिच्यावर शिक्का मारू शकतो. या चारही पद्धतींना पुस्तकात स्वतंत्र प्रकरणं आहेत, त्यामुळे इथे अधिक लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत समान आहे आणि नवशिक्यांची पहिली ठेच तिथेच लागते. हँडलर, म्हणजे क्लिक झाल्यावर चालायचं फंक्शन, फक्त सोपवायचा असतो, चालवायचा नसतो. पायथनच्या टीकेइंटरमध्ये बटणाला फंक्शनचं नाव द्यायच्या ऐवजी नावापुढे कंसाची जोडी लावली, तर ते फंक्शन बटण तयार होतानाच चालून जातं आणि नंतर क्लिक केल्यावर काहीच होत नाही. लग्नघरात आचाऱ्याचा नंबर वहीत लिहून ठेवणं आणि आत्ताच चूल पेटवायला सांगणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे. वर्गात हा दाखला दिल्यावर कंसाची चूक पुन्हा क्वचितच होते.

आता माझ्या फसलेल्या दुरुस्तीकडे येतो. क्लिकच्या हँडलरमध्ये मी बटण निष्क्रिय करत होतो, मग तिथेच बसून सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत होतो. म्हणजे टपाल कार्यालयातला कारकून खिडकी सोडून स्वतःच पार्सल आणायला स्टेशनवर गेला होता. रांग तशीच उभी राहिली. बाईंनी त्या दरम्यान केलेला दुसरा क्लिक हरवला नव्हता. तो रांगेत उभा होता. बटण निष्क्रिय होतं, हे त्या क्लिकला कळण्याचं काही कारण नव्हतं, कारण त्याची पाळीच आली नव्हती. नोंद झाली, मी बटण पुन्हा सक्रिय केलं, हँडलर संपला, कारकून खिडकीशी परतला आणि त्याने पुढच्याला बोलावलं. पुढचा होता दुसरा क्लिक. त्याला समोर सक्रिय बटण दिसलं, आणि रक्कम पुन्हा जमा झाली.

बटण निष्क्रिय झाल्याचं बाईंना दिसलंही नसणार, कारण ते फिकट रंगात रंगवण्याची विनंतीही बहुधा त्याच रांगेत खोळंबली होती. ज्याला आपण ‘प्रोग्राम हँग झाला’ म्हणतो ते हेच. एखादा प्रोग्राम साधारण ५ सेकंद रांगेकडे फिरकला नाही तर विंडोज त्याला ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ठरवतं. माणसाचा धीर त्याच्या कितीतरी आधी सुटतो. जेकब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा आजही उपयोगी पडतात. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते आपल्या हातानेच घडल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत त्याच्या विचारांची साखळी टिकते, आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. याचा सरळ अर्थ असा, की काम व्हायला कितीही वेळ लागो, क्लिक पोहोचल्याची पावती पहिल्या ०.१ सेकंदात द्यायलाच हवी.

व्हिज्युअल बेसिकच्या काळात यावर एक सोपा वाटणारा उपाय होता. लांबलेल्या कामाच्या मध्ये ‘डूइव्हेंट्स’ लिहायचं, म्हणजे कारकुनाने स्टेशनच्या वाटेवरून अधूनमधून मागे येऊन दोन माणसांची कामं उरकायची. पडदा जिवंत राहतो, पण पहिलं काम अर्धवट असतानाच तोच क्लिक पुन्हा आत शिरू शकतो, आणि एकाच हँडलरच्या पोटात तोच हँडलर सुरू होतो. मी पाहिलेल्या सर्वांत अवघड चुका इथल्या होत्या.

पक्का उपाय तीन पायऱ्यांचा आहे आणि पुस्तकाचा मधला भाग त्यालाच दिला आहे. लांब काम वेगळ्या थ्रेडकडे सोपवायचं, म्हणजे खिडकीवरचा कारकून खिडकीवरच राहील. काम चालू असताना बटण निष्क्रिय ठेवायचं आणि ‘नोंद होत आहे’ असं स्पष्ट लिहायचं. काम संपल्याचा निरोप रांगेतून आला की मगच ते सक्रिय करायचं. आता मध्ये आलेले क्लिक निष्क्रिय बटणावर आदळून विरून जातात. पडद्याला हात मात्र खिडकीवरच्या थ्रेडनेच लावायचा, दुसऱ्याने नाही. जावाच्या स्विंगपासून क्यूटीपर्यंत सगळीकडे हा नियम आहे. तिसरी पायरी पडद्यापलीकडची. प्रत्येक पावतीला फॉर्म उघडतानाच एक क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक सर्व्हरने दोनदा स्वीकारायचा नाही. पैशाच्या व्यवहारात केवळ बटणावर भरवसा ठेवू नये. बटणाचं काम माणसाला सांभाळणं आहे, पैसे डेटाबेसने सांभाळायचे.

डबल क्लिकबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे प्रोग्रामर दोन्ही बाजूंनी फसतो. विंडोजमध्ये दोन क्लिकमधलं अंतर ठरावीक वेळेपेक्षा कमी असेल, मूळ मांडणीत ५०० मिलिसेकंद, आणि दोन्ही जवळपास एकाच जागी झाले असतील तर दुसऱ्याला डबल क्लिक मानतात. पण पहिला क्लिक त्यासाठी थांबवून ठेवलेला नसतो. तो आधीच प्रोग्रामला मिळालेला असतो. म्हणून डबल क्लिकचं काम साध्या क्लिकचं पुढचं पाऊल असावं : पहिल्याने फाइल निवडली, दुसऱ्याने उघडली. साध्या क्लिकने पुसायचं आणि डबल क्लिकने उघडायचं असं कुणी ठरवलं, तर उघडण्याआधीच फाइल पुसलेली असेल. आणि हा वेळ आपण कोडमध्ये कधीही पक्का लिहू नये. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना बोटं उचलायला वेळ लागतो, ते हा वेळ आपल्या संगणकावर वाढवून घेतात. प्रोग्रामने संगणकाला विचारून तोच पाळायचा.

इथून पुस्तकाचा शेवटचा भाग सुरू होतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्लिक म्हणजे माउस, असं आपण गृहीत धरतो. पण बटणावर स्पेसबारनेही क्लिक होतो, आणि तिथेही कळ सोडल्यावरच. डावखुरी माणसं माउसची बटणं अदलाबदल करून घेतात. जो प्रोग्राम माउसच्या प्रत्यक्ष डाव्या बटणाची चौकशी करतो तो त्यांच्या हातात उलटा चालतो. अनेक दृष्टिहीन माणसं एनव्हीडीए हे मोफत मिळणारं स्क्रीन रीडर वापरतात. ते मराठीतूनही वाचून दाखवतं, आणि त्यांच्या हाती माउस नसतोच. तुम्ही चित्राला जोडलेला ‘दाबलं’चा मेसेज त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही, खऱ्या बटणाचा क्लिक पोहोचतो. जावामध्ये माउसच्या लिसनरऐवजी बटणाच्या कृतीचा लिसनर वापरा, असं मी पानोपानी सांगतो ते यासाठी. माउसच्या लिसनरला उंदीर हलल्याचं कळतं. कृतीच्या लिसनरला माणसाची इच्छा कळते, ती कुठल्याही वाटेने आलेली असो.

हे पुस्तक एखादी प्रोग्रामिंग भाषा थोडीफार येणाऱ्यांसाठी आहे. विंडोजपासून सुरुवात केली आहे, कारण तिथे फेरा उघड्यावर दिसतो. ज्यांना फक्त पायथन किंवा जावा हवं आहे त्यांनीही पहिली दोन प्रकरणं वाचावीत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेला सराव संगणकासमोर बसूनच करायचा आहे, आणि त्यातला पहिला प्रश्न दरवेळी एकच आहे : दाबल्यावर, सोडण्याआधी, माणसाला मन बदलायचं असेल तर तुमचा प्रोग्राम काय करतो?

मराठीत हे लिहिण्याचं कारण साधं आहे. गावोगावच्या पतसंस्था, दूध संघ, रुग्णालयं यांचे प्रोग्राम लिहिणारी मुलं-मुली माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना कोड इंग्रजीतून लिहिता येतं, पण रांग का खोळंबली, हँडलरच्या पोटात हँडलर कसा शिरला, हे एकमेकांना समजावताना ती मराठीतच बोलतात. त्या बोलण्याला आधार व्हावा एवढीच इच्छा आहे. त्यांच्या शंकांमुळे या पुस्तकातली किती तरी पानं पुन्हा लिहावी लागली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पतसंस्थेतल्या त्या बाईंचाही मी ऋणी आहे. तिसऱ्या खेपेला प्रोग्राम नीट झाला तेव्हा त्या त्याबद्दल काही बोलल्या नाहीत, बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या क्लिक करत, पडद्यावर ‘नोंद होत आहे’ असं उमटे, त्या पुढची पावती हातात घेत. रोकड जुळत असे, आणि साडेसातची एसटी त्यांना मिळत असे.